दोन कान, दोन स्वर आणि तिसरा ठोका : बायनॉरल बीट्स आणि आपलं लक्ष



मागच्या व्याख्यानानंतर एक ताई थांबल्या होत्या. त्यांचा मुलगा बारावीला आहे. म्हणाल्या, "सर, हा दिवसभर कानात हेडफोन घालून बसतो. विचारलं तर म्हणतो, आई, ही गाणी नाहीत, बायनॉरल बीट्स आहेत, याने मेंदूच्या लहरी बदलतात आणि अभ्यासात लक्ष लागतं. हे खरं आहे का? की त्याला रागवू?" मी म्हटलं, रागवू नका, मला थोडे दिवस द्या, वाचतो आणि सांगतो. घरी येऊन बघतो तर आमची नात सईसुद्धा तेच ऐकत बसलेली! ती स्पर्धा परीक्षेची तयारी करते. एका अ‍ॅपची वर्षाची वर्गणीही भरून झाली होती. मी विचारलं तर म्हणाली, "आबा, हे लावल्याशिवाय माझं लक्षच लागत नाही."

या वाक्याने मी अस्वस्थ झालो. चांगली अभ्यासू मुलगी, आणि तिला वाटतंय की लक्ष देण्याची ताकद तिच्यात नाही, ती त्या आवाजात आहे. म्हणून आजचा विषय हा घेतला.

सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगून टाकतो. मी तत्त्वज्ञानाचा माणूस आहे, मेंदूचा डॉक्टर नव्हे. आणि दुसरं, माझा डावा कान बरीच वर्षं बंद आहे, त्यामुळे हे बायनॉरल बीट्स मला कधीच ऐकू येणार नाहीत. का येणार नाहीत, हे समजलं की निम्मा विषय समजला असं धरा.

तानपुऱ्यातला ठोका आणि डोक्यातला ठोका

आधी साधी गोष्ट घेऊ. तानपुरा जुळवताना तुम्ही पाहिलं असेल. मधल्या दोन तारा, ज्यांना आपण जोडी म्हणतो, त्या एकाच षड्जात लावायच्या असतात. समजा एक तार सेकंदाला १३० वेळा कंप पावते आणि दुसरी १३२ वेळा. दोन्ही एकदम छेडल्या की आवाज सरळ येत नाही, तो लहान-मोठा होतो, हेलकावे खातो. सेकंदाला बरोबर दोन हेलकावे, कारण फरक दोनाचा आहे. खुंटी आणि मणी हलवत गेलं की हेलकावे संथ होत जातात आणि तारा जुळल्या की थांबतात. हे हेलकावे म्हणजेच बीट्स. ते हवेत तयार होतात. दोन लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात. हे ऐकायला एक कान पुरतो. मला छान ऐकू येतात.

आता हेडफोन लावा. उजव्या कानात ४०० हर्ट्झचा स्वर सोडा, म्हणजे सेकंदाला ४०० कंपनं, आणि डाव्या कानात ४१० हर्ट्झचा. इथे हवेत काही मिसळत नाही. प्रत्येक कानाला एकच सरळ, सपाट स्वर मिळतो. तरीही ऐकणाऱ्याला सेकंदाला दहा वेळा होणारी एक थरथर जाणवते. एका बाजूचा हेडफोन काढला की थरथर गायब! माझ्यासारख्या एककानी माणसाला फक्त सपाट स्वर. म्हणजे ही थरथर ना उजव्या कानात आहे, ना डाव्या कानात, ना खोलीत. ती डोक्यात तयार होते. हे प्रशियातल्या हाइनरिख विल्हेल्म डोव्हे या भौतिकशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं १८३९ साली. गंमत अशी की डोव्हे यांचं नाव जास्त गाजलं ते हवामानशास्त्रात.

मेंदू हे का करतो?

मेंदूला हा उद्योग कुणी सांगितला? उत्तर सोपं आहे. आवाज कुठून आला हे ओळखण्यासाठी ही यंत्रणा आहे. तुम्ही रस्त्याने चालला आहात आणि उजवीकडून हॉर्न वाजला. तो आवाज उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला किंचित उशिरा. किती उशिरा? दोन कानांतलं अंतर आणि आवाजाचा वेग धरला तर जास्तीत जास्त एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही साधारण दोन तृतीयांश. एवढा सूक्ष्म फरक मेंदूच्या देठातल्या काही पेशी मोजतात. मेंदूच्या देठात दोन्ही कानांकडून येणारे संदेश जिथे पहिल्यांदा भेटतात, तिथे या पेशी बसलेल्या आहेत. दोन्ही बाजूंचे संदेश एकदम आले की त्या जोरात प्रतिसाद देतात, मागेपुढे आले की कमी.

आता या पेशींना ४०० आणि ४१०चे स्वर दिले की काय होईल? दोन्ही लहरी क्षणभर जुळतात, मग सरकत सरकत विरुद्ध होतात, पुन्हा जुळतात. सेकंदाला दहा वेळा. पेशींचा प्रतिसादही तसाच दहा वेळा वरखाली होतो आणि आपल्याला ती थरथर म्हणून जाणवते. म्हणजे बायनॉरल बीट ही कुठली गूढ शक्ती नाही. दिशा ओळखणाऱ्या यंत्रणेला आपण एक विचित्र कोडं घातलं, त्याचं ते उत्तर आहे. म्हणूनच स्वर खूप उंच घेतला, साधारण १,००० हर्ट्झच्या वर गेला, की बीट विरत जातो. कारण तेवढ्या वेगवान लहरींशी पाऊल जुळवणं चेतातंतूंना जमत नाही.

इथे तत्त्वज्ञानाच्या माणसाला थांबायलाच हवं. हा ठोका खरा की भ्रम? आपल्याकडे भ्रमाचं ठरलेलं उदाहरण म्हणजे दोरीवर दिसणारा साप. दिवा आणला की साप जातो, दोरी राहते. पण आपल्या दर्शनकारांनी दुसरंही एक उदाहरण दिलं आहे, दोन चंद्रांचं. डोळ्यात दोष असलेल्याला, किंवा बोटाने डोळा दाबला तर कुणालाही, दोन चंद्र दिसतात. चंद्र एकच आहे हे पक्कं माहीत असूनही दोनच दिसत राहतात. बायनॉरल बीट या दुसऱ्या जातीचा आहे. तो बाहेर नाही हे तुम्हाला आता कळलं, तरी हेडफोन लावलेत की ऐकू येणारच. त्यामुळे 'हे सगळं थोतांड आहे' असं म्हणणारेही चुकतात. अनुभव खरा आहे. प्रश्न त्या अनुभवावर जो दावा उभा केला जातो त्याचा आहे.

मेंदूच्या लहरी म्हणजे काय

दाव्यात दुसरा शब्द येतो मेंदूच्या लहरींचा. त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. जर्मनीतल्या येना इथे हान्स बेर्गर नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते. तरुणपणी सैन्यात असताना ते घोड्यावरून पडले आणि थोडक्यात वाचले. त्याच दिवशी घरून वडिलांची तार आली, तुझी खुशाली कळव म्हणून. दूर असलेल्या बहिणीला उगीचच वाटलं होतं की भावावर संकट आहे. बेर्गर यांच्या मनाने घेतलं की विचार एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूत जात असावेत, आणि त्याचं भौतिक कारण शोधायचं. ते काही सापडलं नाही. पण शोधता शोधता १९२४ साली त्यांनी माणसाच्या डोक्यावरून विजेची सूक्ष्म आंदोलनं नोंदवली, आणि १९२९ साली ती प्रसिद्ध केली. आज हॉस्पिटलात ईईजी काढतात, त्याची ही सुरुवात.

आपण लहर म्हणतो ती म्हणजे असंख्य चेतापेशींच्या एकत्रित हालचालीचा डोक्याच्या कातडीपर्यंत पोचलेला पुसट ठसा. स्टेडियमच्या बाहेर उभं राहून आतल्या गर्दीचा आवाज ऐकावा, तसं. गर्दी एका लयीत ओरडते आहे की नुसता गलका आहे हे कळतं, पण कोण काय बोलतंय ते कळत नाही. या लयींना सोयीसाठी नावं दिली आहेत. सेकंदाला चारपेक्षा कमी म्हणजे डेल्टा, गाढ झोपेत दिसते. चार ते आठ थीटा. आठ ते तेरा अल्फा, जागेपणी डोळे मिटून स्वस्थ बसलं की वाढते आणि डोळे उघडले की दबते, हे बेर्गर यांनीच दाखवलं. तेरा ते तीस बीटा, आणि त्याच्या वर गॅमा.

आता जाहिराती काय करतात बघा. अल्फा म्हणजे शांती, बीटा म्हणजे एकाग्रता, थीटा म्हणजे ध्यान, गॅमा म्हणजे प्रतिभा. जणू औषधाच्या दुकानातल्या बाटल्या! मेंदूत या सगळ्या लयी एकाच वेळी, वेगवेगळ्या भागांत, कमीजास्त प्रमाणात चालू असतात.

दाव्याची साखळी

बीट आणि लहर यांची जोडी कुणी लावली? १९७३ साली न्यूयॉर्कच्या जेराल्ड ऑस्टर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात या बीट्सवर लेख लिहिला. त्यांना यात मेंदू आणि श्रवण तपासण्याचं एक साधन दिसत होतं. त्याच सुमारास व्हर्जिनियातले रॉबर्ट मन्रो, हे मूळचे रेडिओ व्यवसायातले, शरीराबाहेर जाण्याच्या अनुभवांवर पुस्तक लिहून प्रसिद्ध झालेले, त्यांनी आवाजाने मनाची अवस्था बदलण्याच्या पद्धतीचं १९७५ साली पेटंट घेतलं. पुढे कॅसेट आल्या, सीडी आल्या, आता अ‍ॅप आहेत.

या सगळ्यामागे चार कड्यांची एक साखळी आहे. पहिली कडी, दोन स्वरांमुळे डोक्यात ठोका तयार होतो. दुसरी, त्या ठोक्याच्या तालावर मेंदूच्या लहरी चालू लागतात. तिसरी, लहर बदलली की मनाची अवस्था बदलते. चौथी, अवस्था बदलली की अभ्यास चांगला होतो. जाहिरात पहिली कडी दाखवते, जी शंभर टक्के खरी आहे, आणि चौथीचे पैसे घेते. मधल्या दोन कड्यांवरून आपण अलगद उडी मारतो.

दुसरी कडी तपासू. बाहेरच्या तालाने मेंदूची लय ओढली जाते हे तत्त्व म्हणून खोटं नाही. एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी १९३४ साली लुकलुकत्या दिव्याने हे दाखवलं. आवाजाच्या बाबतीत, सेकंदाला चाळीसच्या आसपास टिकटिक ऐकवली की ईईजीत स्पष्ट प्रतिसाद मिळतो, हे १९८१ साली गॅलम्बॉस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पण बायनॉरल बीट हा या सगळ्यांत अशक्त भाऊ आहे. मॉन्ट्रियलच्या एका गटाने २०२० साली तानपुऱ्यासारखे हवेत मिसळलेले बीट आणि बायनॉरल बीट यांची थेट तुलना केली. दोन्हींनी मेंदूत प्रतिसाद उमटला, पण बायनॉरलचा कमी. आणि मूडमध्ये दोन्हींनी फरक पडला नाही. बार्सिलोनात २०१७ साली झालेल्या अभ्यासात तर लहरींची ताकद वाढल्याचंच दिसलं नाही. २०२३ साली जर्मनीतल्या संशोधकांनी असे १४ अभ्यास एकत्र तपासले. पाच बाजूने, आठ विरुद्ध, एक अधलामधला. म्हणजे दुसरी कडी डळमळीत आहे.

तिसरी कडी तर्कशास्त्राची आहे, आणि इथे मला आमचे नैयायिक आठवतात. धूर दिसला की अग्नी आहे असं अनुमान चालतं. पण उलटं चालत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही, कारण लोखंडाचा लालबुंद गोळा बघा, आग आहे पण धूर नाही. धूर व्हायला ओलं लाकूड लागतं. ही मधली अट नैयायिकांनी उपाधी म्हणून ओळखली. आपल्या बाबतीत बघा. माणूस डोळे मिटून निवांत बसला की अल्फा वाढते, हे निरीक्षण. त्यावरून अल्फा वाढवली की माणूस निवांत होईल, ही उलटी उडी. शाळेत असताना ताप आला हे दाखवायला आम्ही थर्मामीटर चहाच्या कपाला लावायचो. पारा चढायचा, ताप यायचा नाही! काही वेळा लय स्वतःच कारण असूही शकेल, मी नाही म्हणत नाही. पण ते वेगळं सिद्ध करावं लागेल.

मग लक्षाचं काय?

आता कुणी म्हणेल, सर, लहरी जाऊ द्या, लक्ष वाढतं का तेवढं सांगा. योग्य प्रश्न. इथे बाजूनेही पुरावा आहे आणि तो लपवणं बरं नाही. १९९८ साली अमेरिकेत लेन आणि सहकाऱ्यांनी २९ जणांना अर्धा तास कंटाळवाणं काम दिलं, पडद्यावर ठरावीक खूण आली की ओळखायची. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे आवाज. त्यात बीट लपवले आहेत हे त्यांना सांगितलं नव्हतं. बीटा पट्ट्यातले बीट असताना खुणा जास्त ओळखल्या गेल्या, चुका कमी झाल्या. २००५ साली शस्त्रक्रियेपूर्वीच्या चिंतेवर १०८ रुग्णांचा अभ्यास झाला. बीट ऐकणाऱ्यांची चिंता सरासरी २६.३ टक्के उतरली, बीट नसलेला तसाच आवाज ऐकणाऱ्यांची ११.१ टक्के, काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८ टक्के. लक्षात घ्या, नुसत्या आवाजानेही चिंता थोडी उतरलीच.

२०१९ साली २२ अभ्यासांची बेरीज करून एक सरासरी परिणाम काढला गेला. संख्याशास्त्राच्या भाषेत ०.४५, म्हणजे मध्यम. साध्या भाषेत, ऐकणारा सरासरी माणूस न ऐकणाऱ्या १०० जणांपैकी साधारण ६७ जणांच्या पुढे असेल. वाईट नाही! पण ही बेरीज लक्ष, स्मरण, चिंता, वेदना या सगळ्यांची मिळून आहे, आणि त्यातले बरेच अभ्यास लहान आहेत. मूळ अभ्यासांतच दोष असतील, तर ते बेरजेच्या आकड्यातही उतरतात.

आणि मग येतो २०२३चा पोलंडमधला अभ्यास. त्यांनी प्रयोगशाळा सोडली आणि सुमारे १,००० लोकांना घरच्या घरी, आपण करतो तसं, ऐकायला लावून बुद्धीची कोडी सोडवून घेतली. बायनॉरल बीट ऐकणाऱ्यांची कामगिरी सुधारली नाही, उलट घसरली. यावरून लगेच 'बीट्स घातक' असा निष्कर्ष काढू नका. पण 'ऐकून तर बघू, नुकसान काहीच नाही' हे वाक्यसुद्धा तपासावं लागतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

एवढे उलटसुलट निष्कर्ष का? कारणं समजण्यासारखी आहेत. कुणी ६ हर्ट्झ वापरतो, कुणी ४०. कुणी पाच मिनिटं ऐकवतो, कुणी अर्धा तास. कुणी कामाआधी, कुणी काम चालू असताना. आणि सगळ्यात मोठं कारण अपेक्षा. तुम्हाला सांगितलं की या आवाजाने लक्ष लागेल, तर तुम्ही आधीच सावरून बसता.

घरातला प्रयोग

मी सईला म्हटलं, "तुला पटत असेल तर आपण बघू या." तिला कल्पना आवडली. तिच्या धाकट्या भावाने, ओंकारने, तीन फायली तयार केल्या. तिन्हींत वर पावसाचा आवाज सारखा. एकात खाली १६ हर्ट्झचे बायनॉरल बीट, दुसऱ्यात दोन्ही कानांत एकच सपाट स्वर, तिसऱ्यात नुसता पाऊस. रोज कुठली लावायची ते चिठ्ठी टाकून तो ठरवायचा आणि वहीत लिहायचा. तिला माहीत नाही, मलाही नाही. रोज चाळीस मिनिटं सराव परीक्षा. किती प्रश्न सुटले, किती बरोबर, आणि आज कुठला आवाज होता असं वाटलं, एवढं तिने लिहायचं. बारा दिवस.

बारा दिवसांनी वह्या उघडल्या. गुणांत तिन्ही आवाजांमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. तिचा अंदाज बारापैकी पाच वेळा बरोबर आला, नुसत्या नशिबाने चार यायला हवेत. पण एक गोष्ट दिसली. ज्या दिवशी तिला 'आज खरे बीट्स आहेत' असं वाटलं होतं, त्या दिवशी चाळीस मिनिटं संपल्यावरही ती उठली नव्हती, पुढे अभ्यास करत बसली होती. त्यातल्या काही दिवशी नुसता पाऊस होता! एका मुलीवरचे बारा दिवस म्हणजे संशोधन नव्हे, हे मी तिलाही सांगितलं. उद्या दुसऱ्या कुणावर वेगळं येईल. पण तिला जे बघायचं होतं ते तिने बघितलं. वही बंद करून म्हणाली, "म्हणजे आबा, त्या दिवशी बसले होते ती मीच." मी म्हटलं, "हो बाई, तूच."

मग हेडफोनमुळे तिला जो फायदा वाटत होता, तो खोटा होता का? नाही. दोन खोल्यांच्या घरात कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरची मालिका, खालच्या दुकानाचं शटर, यांच्यामधून एक सारखा आवाज तिला वेगळं काढत होता. हेडफोन घातला की घरचे हाक मारत नव्हते. तो घालणं म्हणजे आता अभ्यास सुरू, अशी मनाला खूण होती. ही सगळी खरी कारणं आहेत. फक्त त्यांच्यासाठी १६ हर्ट्झची गरज नाही, आणि वर्गणीची तर नाहीच.

लक्ष ही वस्तू नव्हे

न्यायदर्शनात मन अणुरूप मानलं आहे. ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडलं जातं, म्हणून एका क्षणी एकच ज्ञान होतं. आपल्याला वाटतं आपण दोन कामं एकदम करतो. ते म्हणतात, कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुईने टोचल्या तर एकदम टोचल्यासारख्या वाटतात, पण सुई एकेका पाकळीतूनच जाते. आजच्या मेंदूविज्ञानाशी हे शब्दशः जुळतं असा माझा दावा नाही. पण यात एक मोलाची गोष्ट आहे. लक्ष ही मनाची कृती आहे. जोडणं, सुटणं, पुन्हा जोडणं. टाकीत पाणी भरावं तसं ते बाहेरून भरता येत नाही. योगदर्शनही धारणा आधी सांगतं, ध्यान नंतर. आधी चित्त एका जागी बांधायचं. ते सुटतं, पुन्हा आणायचं. हे पुन्हा आणणं म्हणजे अपयश नाही, तोच अभ्यास आहे. मुलांना कुणी हे सांगत नाही. लक्ष उडालं की त्यांना वाटतं आपल्यात काहीतरी कमी आहे, आणि ती कमतरता भरून काढायला कुणीतरी काहीतरी विकायला बसलेलंच असतं.

आता ताईंच्या प्रश्नाचं उत्तर. मुलाला रागवू नका. ऐकायचं असेल तर ऐकू द्या, पण चार गोष्टी पाळा. एक, आवाज हळू. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलची. शेजारी साध्या आवाजात बोललेलं ऐकू आलं नाही, तर आवाज जास्त आहे असं समजा. गेलेलं ऐकणं परत येत नाही, हे मी स्वतःच्या कानावरून सांगतो. दोन, फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तीन, झोपेच्या, जेवणाच्या किंवा चालू असलेल्या औषधांच्या जागी हे नको, आणि गाडी चालवताना तर नकोच. चार, पैसे देण्याआधी एक हेडफोन काढून बघा. एका कानातही थरथर तशीच ऐकू येत असेल, तर तुम्हाला विकलेली वस्तू बायनॉरल बीट नाहीच.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक श्रोता : सर, तानपुऱ्याजवळ बसलं की मन शांत होतं. तेही मेंदूच्या लहरींमुळेच का?*

असू शकेल, नसू शकेल. तानपुऱ्यातले हेलकावे हवेतले असतात, बायनॉरल नव्हेत. आणि शांत वाटायला इतर कारणं पुष्कळ आहेत. संथ, सलग सूर आहे, त्याच्याशी जोडलेल्या आठवणी आहेत, आणि त्या वेळी तुम्ही दुसरं काही करत नसता. चांगल्या अनुभवाला हर्ट्झचं प्रमाणपत्र लागत नाही. शांत वाटतं ना? मग बसा.

*एक विद्यार्थिनी : पण सर, विश्वासानेच फायदा होत असेल, तर विश्वास का मोडायचा?*

फार चांगला प्रश्न. मलाही तो पडला होता. विश्वास कशावर आहे, यावर उत्तर अवलंबून आहे. 'मी हे लावलं की बसते' हा विश्वास मोडायची गरज नाही, ती सवय आहे. 'हे नसेल तर मी बसूच शकत नाही' हा मात्र मोडायला हवा. कारण परीक्षेच्या हॉलमध्ये हेडफोन नेऊ देत नाहीत.

आज इथे थांबू. पुढच्या वेळी झोप आणि स्मरण यांच्यावर बोलू. ताई, तुमच्या मुलालाही घेऊन या.